बस रस्त्यावर, रिक्षा गल्लीत

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत अनगोळ येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला विचारले, व्याख्यानाचा विषय काय लिहू? आम्ही म्हणालो, रिक्षा. समोरचा पोरगा भला. त्याला वाटले, आम्ही घरी न्यायला-आणायला रिक्षा मागतो आहोत. तो म्हणाला, "सोय करतो की ओ काका, पण विषय काय?" तर विषय तोच आहे. आम्ही चार-पाच निवृत्त माणसे रोज सकाळी एकत्र फिरायला जातो. कोणी उद्यमबागेत नोकरी केलेले, कोणी शाळेत शिकवलेले, एक जण पोस्टातले. बोलणारा एक असला तरी मजकूर सगळ्यांचा आहे, म्हणून "आम्ही".

आपल्या घरांच्या दारांकडे जरा पाहा. पूर्वी जिथे रांगोळी असायची तिथे आज दुचाकींचे स्टँड उभे आहेत. घरात माणसे चार आणि गाड्या तीन. कोणाला दोष द्यायला आम्ही आलेलो नाही. अनगोळपासून मध्यवर्ती बसस्थानक पाच किलोमीटरच्या आसपास, वेळेवर पोहोचायचे तर गाडीशिवाय चालत नाही हे आम्हीही जाणतो. पण त्या चारांतले जे चौथे माणूस गाडी चालवत नाही त्याचे काय? बहुतेक घरांत ते आजी-आजोबा असतात, किंवा क्लासला जाणारी आठवी-नववीतली मुलगी. मुलगा पुण्याला, सून बेंगळूरला. मागे बसवून नेणारे कोणी नाही. मग दवाखाना पुढच्या आठवड्यावर जातो, कपिलेश्वराचे दर्शन श्रावणातल्या एका सोमवारावर येते, आणि खडेबाजार फक्त दिवाळीला दिसतो. आपल्या वयाची किती माणसे अशी हळूहळू गल्लीतच थांबली, ते ज्याने त्याने आपल्या घरात मोजावे.

यावर उत्तर म्हणून सगळे बसकडे बोट दाखवतात. बस आहेच. सीबीटीवरून अनगोळला, वडगावला, हिंडलग्याला, पिरनवाडीला सिटी बस जातात. 1997 मध्ये वायव्य कर्नाटक परिवहन वेगळे झाले तेव्हापासून ही व्यवस्था हुबळीच्या मुख्यालयाखाली चालते. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला, आणि बसमधली गर्दी कशी बदलली हे आपण रोज पाहतो. ज्या बायका पूर्वी चालत जायच्या त्या आज बसने कामाला जातात. ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नये.

पण बस मोठ्या रस्त्याने जाते. भांदूर गल्लीत ती वळणार नाही, कुरबर गल्लीत शिरणार नाही, आणि शिरूही नये. वाहतुकीचे नियोजन करणारे साधारण असे धरतात की माणूस बसथांब्यापर्यंत चारशे-पाचशे मीटर चालेल. धडधाकट माणूस चालेल. गुडघे दुखणारी आजी, हातात दळणाची पिशवी, वरून बेळगावचा जुलैचा पाऊस, अशा वेळी ते पाचशे मीटर खानापूरइतके लांब होतात. त्या मंडळींचा आणखी एक हिशोब आहे: थांब्यावर उभ्याने वाट पाहण्याचे एक मिनिट माणसाला प्रवासातल्या दोन मिनिटांएवढे वाटते. पोस्टातले आमचे मित्र म्हणाले, हे कळायला नियोजन कशाला शिकायला हवे!

आता शक्ती योजनेचाच पुढचा भाग पाहा. बसचे तिकीट शून्य, पण थांब्यापासून घरापर्यंत रिक्षा केली तर भाडे पूर्ण. म्हणजे लांबचा प्रवास फुकट आणि शेवटचा तुकडा सर्वात महाग. समजा त्या तुकड्याला साठ रुपये पडले. तीन बायका एकाच बाजूला जाणाऱ्या असल्या तर वीस-वीस. त्या तिघी एकमेकींना ओळखतही असतात, पण थांब्यावर उतरून तीन दिशांना पाहत उभ्या राहतात, कारण तिथे रिक्षा कुठे उभी राहील, कुठे जाईल आणि किती घेईल यातले काहीच ठरलेले नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की बस आणि शेअर रिक्षा हे एकाच प्रवासाचे दोन तुकडे आहेत आणि ते जोडले पाहिजेत. आज ते एकमेकांचे वैरी झालेत.

वैर कसे होते ते सांगतो. रिक्षा बसच्या पुढे पाच मिनिटे धावते, थांब्याथांब्यावर "या की ओ, दोनच शीट पायजेत" म्हणून बसचीच माणसे उचलते. बस मागून रिकामी येते. बस रिकामी म्हणून फेऱ्या कमी होतात. फेऱ्या कमी म्हणून माणसे पुन्हा रिक्षाकडे, नाहीतर दुचाकीच्या कर्जाकडे. रिक्षावाल्यालाही यात काही मिळत नाही, कारण मोठ्या रस्त्यावर त्याच्यासारखे पन्नास जण त्याच तीन शिटांसाठी धावत असतात. आपल्या गल्लीतली कितीतरी घरे रिक्षावर चालतात. तेव्हा रिक्षावाल्याला शिव्या देऊन हा प्रश्न सुटेल असे कोणी समजू नये. तीच रिक्षा थांब्यापासून आत वळली, थांबा ते हरिमंदिर, थांबा ते भाग्यनगर अशा लहान फेऱ्या करू लागली, तर ती बसची माणसे पळवत नाही, बसला माणसे आणून देते. गाडी, चालक आणि पेट्रोल तेच राहते, दिशा तेवढी बदलते.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. आमच्यातल्या शिक्षकांनी मोटार वाहन कायदा, 1988 काढून वाचला. त्यात दोन प्रकारची भाड्याची वाहने आहेत. एक ठरल्या मार्गावर टप्प्याटप्प्याने माणसे घेणारे, म्हणजे आपली बस. दुसरे करारावरचे, म्हणजे अख्खे वाहन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी भाड्याने घेतलेले. त्याने मध्ये अनोळखी माणसे उचलायची नाहीत. रिक्षा दुसऱ्या प्रकारात येते. म्हणूनच थांब्याथांब्यावर शीट भरणे नियमात बसत नाही आणि पोलीस दिसला की रिक्षावाला मान वळवतो. पण त्याच व्याख्येत पुढे असे आहे, की सहा प्रवाशांपर्यंतच्या भाड्याच्या गाडीत प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेतले तरी ती करारावरचीच राहते. म्हणजे एका जागी भरली, ठरल्या जागी रिकामी झाली, आणि तिघांनी आपापले पैसे दिले, तर वाट बंद नाही. मुंबईत लोकल स्टेशनांबाहेर नेमके हेच चालते: ठरलेला स्टँड, रांग, माणशी ठरलेले भाडे, आणि त्याला परिवहन प्राधिकरणाची मंजुरी. डोंबिवलीला किंवा ठाण्याला नातेवाईक असलेल्यांनी त्या रांगेत उभे राहून पाहिलेच असेल. कोणी कोणाशी भांडत नाही, कारण भांडायला काही शिल्लकच ठेवलेले नाही.

गोव्याचे उदाहरण तर आणखी जवळचे. मडगावच्या स्टेशनवर किंवा म्हापशाच्या स्टँडवर उतरले की पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल घेऊन "पायलट" उभा असतो. परवाना घेतलेला, अनेक दशकांपासून चालत आलेला धंदा. मोबाईल नव्हता तेव्हाही होता. आपल्या राज्यात मात्र मोबाईलवरून बोलावायच्या बाइक टॅक्सीचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सरकारने नियम केलेले नाहीत म्हणून 16 जून 2025 पासून त्यांना थांबावे लागले. मोटारसायकल इकडेही तीच आणि तिकडेही तीच. गोव्यात आधी नियम झाला, धंदा त्याच्या आत वाढला. आपल्याकडे धंदा आधी आला आणि नियम शोधायची वेळ न्यायालयावर आली.

तरुण मंडळी म्हणतील, काका, यासाठी एक अॅप करू. करा. पण अॅपच्या आधीचे काम अॅपने होत नाही. फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात 2016 मध्ये व्हिम नावाचे अॅप निघाले. बस, ट्राम, टॅक्सी, भाड्याची सायकल, सगळे एका मासिक पैशात. जगभर त्याची वाखाणणी झाली. 2024 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. बस आणि ट्राम मात्र अजून चालू आहेत, कारण त्या सार्वजनिक व्यवस्थेचा भाग आहेत. पुण्यात 2017 च्या डिसेंबरात भाड्याच्या सायकली आल्या, रंगीबेरंगी, फुटपाथभर. दोन-तीन वर्षांत बहुतेक गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये म्हैसूरला "ट्रिण ट्रिण" सुरू झाली, साडेचारशे सायकली आणि त्या ठेवायच्या ठरलेल्या जागा, सरकारच्या पुढाकाराने. आम्हाला यातून दिसते ते असे, की ज्याला जागा नेमून दिली ते टिकण्याची शक्यता जास्त. अनगोळच्या चढावर आम्ही सायकल मागणार नाही, ते सोडा.

पुण्यानेच 2021 मध्ये जुन्या पेठांसाठी लहान बस काढल्या, "पुण्यदशम", दहा रुपयांत दिवसभर फिरा. अरुंद रस्त्याला लहान गाडी, हा विचार सरळ आहे. आपल्याकडे ती लहान गाडी आधीच दारात उभी आहे, तिला फक्त काम नेमून द्यायचे आहे. शेजारच्या हुबळी-धारवाडला बससाठी वेगळा रस्ता करून "चिगरी" धावते, तिथेही बसमधून उतरल्यावर घरी कसे जायचे हा प्रश्न उतरणाऱ्याबरोबरच उतरतो.

आणखी एक बारीक गोष्ट, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या घरातल्या जुन्या माणसांना बसवरची कन्नड पाटी वाचता येत नाही. ती बसच्या दारात उभी राहून "अनगोळ काय ओ?" विचारतात आणि कंडक्टर मान हलवला तर चढतात. पाटीच्या भाषेचा वाद इथे उकरायचा नाही, त्याला दुसरी व्यासपीठे आहेत. पण बसला मोठा नंबर असला, इंग्रजी आकड्यात, लांबून दिसेल असा, आणि तोच नंबर थांब्यावरच्या रिक्षा स्टँडला दिला, तर कन्नड येणारा, मराठी येणारा, आणि काहीच न वाचणारा असे तिघेही एकाच रांगेत उभे राहतील.

लोकांना जमेल का, अशी शंका आमच्यातल्याच एकाला होती. त्याला आम्ही विसर्जनाचे दिवस दाखवले. देखावे पाहायला आसपासच्या गावांतून माणसे येतात, मुख्य रस्ते गाड्यांना बंद असतात, बस अलीकडेच थांबते. मग माणसे काय करतात? जिथपर्यंत बस तिथपर्यंत बस, पुढे चालत, आणि परतताना चार अनोळखी माणसे एका रिक्षात बसून माणशी पैसे काढतात. वर्षातले हे दिवस आपण बस आणि शेअर रिक्षा जोडूनच प्रवास करतो, कोणी शिकवलेले नसताना.

आता मागणे काय, ते सांगून थांबतो. रिक्षाचे स्टँड आणि भाडे ठरवण्याचा अधिकार प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे असतो आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांच्या नावे अर्ज तयार केला आहे. अनगोळच्या मोठ्या रस्त्यावरच्या दोन बसथांब्यांना लागून, थांब्याच्या पुढे नव्हे तर मागच्या बाजूला, रिक्षाला जागा आखून द्यावी. तिथून आत जाणाऱ्या फेऱ्यांचे माणशी भाडे ठरवून पाटीवर लिहावे, कन्नड, मराठी आणि इंग्रजीत. रात्री कारखान्याची पाळी सुटते त्या वेळेला शेवटची बस आणि शेवटची रिक्षा यांची गाठ पडावी. आणि सहा महिने हे करून पाहावे. नाही जमले तर पाटी काढायला किती वेळ लागतो?

रिक्षावाल्यांशी बोलणे झाले आहे. दोघांनी "बघू" म्हटले, तिसऱ्याने विचारले की मागच्या बाजूच्या स्टँडवर सावली आहे का. त्याचा प्रश्न आम्ही अर्जात घातला आहे. अर्ज प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर, वर्गणीच्या पावतीपुस्तकाशेजारी ठेवला आहे. सही करताना आपली गल्ली आणि घरात गाडी न चालवणारी माणसे किती, एवढे लिहावे. आजी-आजोबांची सही त्यांच्याकडूनच घ्यावी, त्यांच्या वतीने नको. ते आले नसतील तर कागद घरी न्या, परवा आरतीला परत आणा.