मंत्रचळ आणि आपली शिकणारी मुले
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, गिरणीत साचा चालवलेली माणसं. जे पाहिलं, वाचलं आणि जिथे चुकलो, तेवढंच सांगतो.

आपल्या वस्तीतला एक मुलगा एम.एस्सी.ला गेला. घरात पहिलाच. पुढे तो तासन्‌तास हात धुऊ लागला. परीक्षेत एकच उत्तर पुन्हा पुन्हा तपासायचा. शेवटचे प्रश्न कोरे राहायचे. कुणी म्हणाले, नाटकं आहेत. कुणी म्हणाले, बाहेरचं झालंय. आम्ही म्हणालो, "मन घट्ट कर." सगळेच चुकलो.

हा मंत्रचळ, डॉक्टर याला ओसीडी म्हणतात. नको तो विचार मनात घुसतो, भीती वाटते, ती शमवायला माणूस तीच कृती पुन्हा करतो. घडीभर बरं वाटतं, की परत शंका. गिरणीत धागा तुटला की गाठ मारून आपण पुढे जातो. या मुलाला मारलेली गाठही सुटल्यासारखीच वाटते. हे व्यर्थ आहे हे बहुधा त्यालाही कळतं, म्हणून तो लाजेनं लपवतो. हा आजार बऱ्याचदा शिकण्याच्या वयातच सुरू होतो.

त्याची आई दिवसातून पन्नासदा सांगायची, "हो रे बाळा, हात स्वच्छ आहेत." मायेनंच. पण त्यानं आजार पोसला जातो. डॉक्टरांनी शिकवलं, "तुला भीती वाटतेय हे कळतंय, आम्ही जवळ आहोत," एवढंच म्हणा. उपचारात, हात न धुता ती भीती सोसायला हळूहळू शिकवतात. गोळ्यांचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. मनानं बंद करू नका.

कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणात निदान ५ टक्के राखीव जागांचा लाभ मागता येतो. परीक्षेत जादा वेळेसाठी कॉलेजकडे अर्ज करा. मुलाला एकट्याला पाठवू नका, आम्ही सोबत येऊ. टेली-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीतही बोलतात.

त्या मुलाचा आजार पुरता गेलेला नाही. पण गेल्या परीक्षेत त्यानं शेवटचा प्रश्न लिहिला.

जयभीम!