सांगण्याची वेळ आणि वाचण्याची वेळ



कोणतेंहि मंगल कार्य आरंभावयाचें तर आपण पंचांग उघडतों. आतां फोनवर एखादें छायाचित्र किंवा चार ओळींचा मजकूर प्रसिद्ध करावयाचा, तर त्यालाहि मुहूर्त सांगणारीं कोष्टकें निघालीं आहेत. मंगळवारीं सकाळीं अमुक वाजतां, गुरुवारीं दुपारीं तमुक वाजतां, असे आंकडे त्यांत मांडलेले असतात. घरगुती व्यवसाय करणाऱ्या भगिनी, शिकवणीचे वर्ग चालविणारे शिक्षक, नाट्यसंस्थांचे चालक असे अनेक जण हीं कोष्टकें मोठ्या श्रद्धेनें पाहतात. त्यांत तथ्य किती, आणि आपल्या उपयोगाचें त्यांतून काय घ्यावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

वेळेचा हा प्रश्न नभोवाणीला नवा नाहीं. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. शेतकऱ्यांसाठीं असलेला कार्यक्रम तो शेतावरून परतल्यावर लावावा, गृहिणींसाठीं असलेला दुपारचीं कामें आवरल्यावर लावावा, हा विवेक नभोवाणीनें सदैव केलेला आहे. मात्र येथें सांगण्याची वेळ आणि ऐकण्याची वेळ एकच असते. केंद्रावरून शब्द निघतो, त्याच क्षणीं तो आपल्या कानीं पडतो. त्या वेळीं आपण बाहेर असलां, तर तो गेला.

समाजमाध्यमांची रीतहि प्रारंभीं बव्हंशीं अशीच होती. जो मजकूर सर्वांत शेवटीं आला तो सर्वांत वर, आणि जुना त्याच्या खालीं. वाचक जागा व मोकळा असेल नेमक्या त्या वेळीं लिहिणें, यांत तेव्हां मोठाच लाभ होता. पुढें ही व्यवस्था पालटली. कोणता मजकूर कोणापुढें आधीं ठेवावा हें फेसबुकचें यंत्र ठरवूं लागलें. लिहिणारा वाचकाच्या किती निकटचा, मजकूर कोणत्या प्रकारचा आणि तो किती जुना, या तीन गोष्टी त्यांत पाहिल्या जातात, असें २०१० सालीं त्या कंपनीनेंच सांगितलें. २०१६ सालीं ट्विटर आणि इन्स्टाग्राम यांनींहि काळक्रम सोडून निवडीचा मार्ग धरला. तेव्हांपासून सकाळीं नऊ वाजतां लिहिलेलें कोणास दुपारीं दिसतें, कोणास रात्रीं, तर कोणास तिसऱ्या दिवशीं. सांगण्याची आणि वाचण्याची वेळ यांची अशी फारकत झाली. व्हॉट्सॲपच्या गटांत मात्र अजूनहि आल्या क्रमानेंच निरोप दिसतात.

मग वेळेचें महत्त्व संपलें काय? तसें नाहीं. मजकुराचा ताजेपणा हें यंत्र अद्यापहि पाहतें, आणि आरंभींच्या वाचकांनीं त्याला प्रतिसाद दिला तर तो अधिकांपुढें जाण्याचा संभव वाढतो. परंतु दुसऱ्यांनीं केलेलें कोष्टक आपल्या कामीं येईलच असें नाहीं. न्यूयॉर्कमध्यें सकाळचे दहा वाजतात तेव्हां आपल्याकडे हिवाळ्यांत रात्रीचे साडेआठ, आणि तेथील घड्याळें उन्हाळ्यांत एक तास पुढें केलीं कीं साडेसात झालेले असतात. शिवाय तेथील कारकुनाच्या दिनक्रमावरून काढलेली सरासरी पहांटे डोंबिवलीची गाडी पकडणाऱ्या प्रवाशास कशी लागू पडावी? आपल्या वाचकांची सवड आपणच पाहिली पाहिजे. व्यावसायिक खातें असेल तर आपले वाचक कोणत्या दिवशीं, कोणत्या तासास अधिक असतात हें इन्स्टाग्राम दाखवितें. यूट्यूबवरहि गेल्या २८ दिवसांचा असा तक्ता मिळतो. तीन-चार आठवडे निरनिराळ्या वेळा करून पाहाव्या आणि टिपून ठेवाव्या.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा, कीं आपला मजकूर कोणत्या जातीचा आहे. मंडईंत पालेभाजी असते, आंबा असतो, आणि घरीं बरणींत लोणचें असतें. तिघांचा व्यवहार एक नव्हे.

लोणच्यासारखा मजकूर म्हणजे एखाद्या पदार्थाची कृति, गणिताचा पाठ, किल्ल्याची माहिती. तो आज वाचला काय आणि सहा महिन्यांनीं वाचला काय, सारखाच. चित्रफितीच्या दीर्घकाळच्या यशावर प्रसिद्धीच्या वेळेचा प्रत्यक्ष परिणाम होतो असें आढळलेलें नाहीं, असें यूट्यूबनेंच म्हटलें आहे. येथें मुहूर्ताची चिंता सोडून मजकूर निर्दोष करण्याकडे लक्ष द्यावें.

आंब्यासारखा मजकूर हंगामाचा. समजा, पुण्यांतील एक भगिनी दिवाळीचा फराळ परदेशीं पाठविते. लंडनमधील गिऱ्हाईक संध्याकाळीं सात वाजतां घरीं निवांत बसतें, तेव्हां तेथील उन्हाळी घड्याळाप्रमाणें आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. तिनें जागत बसण्याचें कारण नाहीं. आधीं लिहून ठेवलेला मजकूर ठरल्या वेळीं आपोआप प्रसिद्ध होण्याची सोय आतां आहे. परंतु मागणी नोंदविण्याची शेवटची तारीख तिनें त्यांत लिहिलीच पाहिजे. डबा दिवाळीनंतर पोंचला, तर नेमकी वेळ साधून केलेली जाहिरातहि व्यर्थ.

उरली पालेभाजी, आणि खरी जोखीम येथेंच आहे. "आज सायंकाळीं पांच वाजतां अंत्ययात्रा निघेल," असा निरोप येतो. तो दुसऱ्या दिवशीं वाचणाऱ्यानें "आज" म्हणजे काय समजावें? "तातडीनें रक्त हवें आहे," अशी हांक तारखेवांचून निघते आणि रोगी बरा होऊन घरीं गेल्यावरहि गांवोगांव फिरत राहते. एप्रिल आणि मे २०२१ मध्यें, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, प्राणवायू, रुग्णालयांतील खाट आणि औषधें यांसाठीं असंख्य कुटुंबांनीं याच माध्यमांवर हांक दिली. सकाळीं ज्या ठिकाणीं प्राणवायू मिळत होता तेथील सांठा दुपारीं संपलेला असे; तरी रात्रीं कोणी व्याकूळ होऊन तोच क्रमांक फिरवीत असे. तेव्हां कित्येक स्वयंसेवकांनीं एक साधी रीत पाळली. क्रमांक कोणत्या दिवशीं, किती वाजतां तपासून पाहिला हें ते मजकुरांतच लिहीत. त्या एका ओळीनें वाचणाऱ्याचे अमूल्य क्षण वांचत.

म्हणून माझी सूचना एवढीच आहे. ज्याची वेळ टळली तर हानि होईल, असा मजकूर मुहूर्ताची वाट न पाहतां तत्काळ प्रसिद्ध करावा. "आज", "उद्यां" या शब्दांबरोबर तारीख, वार आणि तास लिहावा. गरज भागली कीं तसें कळवावें, आणि मूळ मजकूर काढून टाकावा. इतर मजकुरासाठीं वाचकाची सवड पाहावी, आणि आपण स्वतः उत्तरें देण्यास मोकळे असूं अशी वेळ निवडावी. विचारणाऱ्यास दोन दिवस उत्तर मिळालें नाहीं, तर तो दुसरें दुकान गांठतो.

मजकूर पाठविणें म्हणजे एका अर्थीं दुसऱ्याच्या दारीं जाणें होय. कोणाकडे केव्हां जावें, जेवणाच्या वेळीं जाऊं नये, रात्रीं अवेळीं कडी वाजवूं नये, परंतु संकटांत मध्यरात्रींहि धांवत जावें, हें आपल्या घरांतील वडील माणसांना कोणत्याहि कोष्टकावांचून ठाऊक होतें. तेंच तारतम्य या नव्या दारींहि पुरेसें आहे.