पेटीला रंग देताना

आमच्या भजनी मंडळाची पेटी कोपऱ्यावर तडकली होती. मी ती न उघडताच काचपेपरनं घासली. भुसा रीडमध्ये गेला अन् दोन सूर मुके झाले! नर्सीला भजनासाठी जायला आठच दिवस उरले होते.

म्हणून सांगते, आधी आतली रीडची पाटी काढून कापडात गुंडाळा, भाता कागदानं झाका. भेगेत बारीक भुसा अन् फेविकॉल कालवून भरा, रात्रभर वाळू द्या. मग १२० नंबरचा, नंतर २२० चा काचपेपर, लाकडाच्या रेषेनं. जुन्या रंगात शिसं असू शकतं; ओलसर करून घासा, लेकरं लांब ठेवा. रंगाचे हात पातळच द्या, पहिला वाळल्यावर दुसरा. आतून रंग नकोच.

ते मुके सूर? मऊ ब्रशनं भुसा झटकला, तेव्हा बोलले.