मेलची किल्ली कोणाकडे?

बचत गटांची समन्वयक म्हणून मी यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी फिरते. मागच्या हिवाळ्यात आमच्या एका गटाला तूरडाळीची मोठी मागणी आली. व्यापाऱ्याचा फोन आला, "दर आणि तपशील मेलवर पाठवला आहे, शनिवारपर्यंत होकार कळवा." आम्ही मेल उघडायला बसलो, तर पासवर्ड चुकीचा! 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवलं, तर कोड गेला भलत्याच मोबाईलवर. दोन वर्षांपूर्वी ज्या मुलाने खातं उघडून दिलं होतं, त्याने स्वतःचाच नंबर टाकला होता. मुलगा आता पुण्याला, आणि तो नंबर बंद.

सचिवताई चिडून म्हणाल्या, "मेल आपल्या गटाचा, नाव आपल्या गटाचं, मंग थो आपल्यालेच आत काहून येऊ देत नाही?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचंच उत्तर आज सांगते.

आपली पत्रं आपल्या मोबाईलमध्ये नसतात. ती दूरच्या एका मोठ्या संगणकावर असतात, त्याला सर्व्हर म्हणतात. आपला मोबाईल त्याच्या दारात दोन कामांसाठी जातो. आलेली पत्रं वाचायला आणि आपली पत्रं पाठवायला. सर्व्हरला आपला चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. आपण जी खूण देऊ, तीच त्याच्यासाठी आपली ओळख.

पूर्वी पाठवण्याच्या दारावर ही विचारपूसही नव्हती. १९८२ साली मेल पाठवण्याचे नियम ठरले, तेव्हा पाठवणारा कोण हे तपासायची सोयच त्यात नव्हती. पोस्टाच्या लाल पेटीत कोणीही कोणाच्याही नावाने पत्र टाकावं, तसं होतं ते. मग फसव्या पत्रांचा सुळसुळाट झाला आणि १९९९ मध्ये पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचा नियम त्यात जोडला गेला.

आता काय होतं? आधी मोबाईल आणि सर्व्हर यांच्यामध्ये बंदिस्त वाट तयार होते, म्हणजे मध्येच कोणी ऐकलं तरी त्याला काही कळू नये. त्या वाटेने आपलं नाव आणि पासवर्ड जातो. गंमत म्हणजे चांगला सर्व्हर आपला पासवर्ड जसाच्या तसा ठेवतच नाही. तो दळून ठेवतो. आपण दर वेळी ज्वारी द्यायची, त्याने ती दळायची आणि आपल्याकडच्या पिठाशी ताडून पाहायची. पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. म्हणून विसरलेला पासवर्ड कंपनीही सांगू शकत नाही, नवाच करावा लागतो. आणि तो नवा करताना आपण कोण हे पुन्हा पटवावं लागतं. आमची गाडी तिथेच अडली होती.

पासवर्ड चोरीला जातो, म्हणून दुसरी खूण मागतात. बँकेतून गटाचे पैसे एकीच्या सहीने निघतात का? दोघींच्या सह्या लागतात. तसंच इथे. एक सही म्हणजे आपल्याला पाठ असलेला पासवर्ड, दुसरी म्हणजे आपल्या हातातल्या फोनवर आलेला कोड. कोड कोणाला सांगणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही देणं.

काही गटांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर जीमेलवरून पावत्या पाठवतं. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी अशा बाहेरच्या सॉफ्टवेअरला नुसता नेहमीचा पासवर्ड चालवणं बंद केलं. तिथे आता एक तर गूगलच्या पानावर जाऊन परवानगी द्यावी लागते, नाही तर त्या सॉफ्टवेअरपुरता वेगळा सोळा अक्षरी पासवर्ड काढावा लागतो. शेतावरच्या गड्याला गोठ्याची किल्ली द्यावी, घराची नाही, तसं. काम संपलं की तेवढी किल्ली रद्द करता येते.

आमचं पुढे काय झालं? नव्या खात्यावरून व्यापाऱ्याला मेल केला. अनोळखी पत्ता पाहून त्याला शंका आली, त्याने उलट फोन करून खात्री केली. राग नाही आला, उलट त्याचं कौतुक वाटलं. मागणी वाचली. पण जुन्या खात्यातल्या दोन वर्षांच्या पावत्या आतच अडकल्या, त्या आजही निघालेल्या नाहीत.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाच्या मेलला कोणाचा नंबर जोडला आहे ते बघा. तो पदाधिकारी ताईंचाच हवा. पदाधिकारी बदलल्या की बँकेतल्या सह्या बदलतो, तसा ठराव घेऊन नंबरही बदला. जीमेलमध्ये दुसरी खूण चालू केली की दहा राखीव कोड मिळतात, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून गटाच्या पेटीत ठेवा. आणि पैशांची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा.

पेटीची किल्ली आपण परक्याच्या हाती देत नाही. मेलचीही देऊ नका.