मुठीत किती?



मूल शंभरापर्यंत घडाघडा म्हणते आणि आपण खूश होतो. पण त्याच्यापुढे सात चिंचोके टाकून "किती?" विचारा, एकच चिंचोका ते दोनदा मोजील. पाठांतर निराळे, संख्या कळणे निराळे. म्हणून पाच चिंचोके घ्या, दोन दाखवा, बाकीचे मुठीत झाका आणि विचारा, "मुठीत किती?" ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले, त्यातही साधने अशीच भोवतालची होती.

खरी अडचण पुढेच. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येते आणि लिहायचे २९! घरी कोणी शिकलेले नाही, त्या पोराचे गाडे इथेच अडते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! माझ्या मते दोन्ही असावे. दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या हाती द्या. मूल आपणच 'वीस आणि पाच' म्हणेल.

विद्यार्थ्यांनी चिंचोके जमवून बालवाडीला द्यावेत. धुऊन, वाळवून. अगदी लहानग्यांच्या हाती मात्र देऊ नका, ती तोंडात घालतात.