तायी कार्ड



मराठी घरांतून आलेले आणि हुबळी-धारवाडच्या शाळांमधून शिकवणारे आपण इतके जण आज एकत्र बसलो आहोत, आणि प्राथमिक शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला तुम्ही अध्यक्षपदी बसवलंत.

धारवाडात शिक्षकांपुढे बोलायचं म्हटलं की साधनकेरीचे द. रा. बेंद्रे आठवतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, अशा घरात १८९६ साली जन्मलेला हा मुलगा कन्नडचा थोर कवी झाला. इथल्याच शाळेत त्यांनी मुलांना शिकवलंही. वडील लहानपणीच गेले. आईने वाढवलं, आणि त्यांनी कविता लिहिल्या त्या ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने. अंबिकेचा मुलगा दत्त. कवीने आपली ओळख सांगताना आधी आईचं नाव सांगितलं.

आणि आपण शाळेत मूल दाखल करून घेताना त्याच्या आईकडे काय मागतो? जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला, दोन फोटो. कर्नाटकात प्रत्येक गरोदर बाईला आरोग्य खात्याकडून एक कार्ड मिळतं, तायी कार्ड. तायी म्हणजे कानडीत आई. बाळ जन्मलं तेव्हा त्याचं वजन किती होतं, लसी कुठल्या झाल्या, पुढे वजन चढत गेलं की मध्येच अडलं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते पहिलीच्या शिक्षकाने पाहिलंय असं मला सहसा आढळलं नाही. मीही माझ्या नोकरीची पहिली कित्येक वर्षं ते पाहिलं नव्हतं.

मुलाच्या तान्हेपणाबद्दल आईला काहीच न विचारण्याची किंमत एका मुलाने मोजली, ती गोष्ट सांगते. दुसरीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. हाक मारली तर कधी ओ द्यायचा, कधी नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायचा, पण तोंडी सांगितलेलं निम्मं चुकायचं. मी त्याच्या प्रगतिपत्रकावर लिहिलं, ‘लक्ष नाही.’ सहामाहीला लिहिलं, वार्षिकलाही लिहिलं. शेजारची मुलं त्याच्यापासून सरकून बसत, ते मी दिसत असून पाहिलं नाही. एके दिवशी वही तपासायला त्याच्या डाव्या अंगाला वाकले तेव्हा वास आला. कानात कापसाचा बोळा होता, पिवळा पडलेला. आईला बोलावलं. ती कडेवर धाकट्याला घेऊन आली. पहाटे पाचला चार घरची धुणीभांडी करायला निघणारी बाई. म्हणाली, ‘अक्कोरू’, म्हणजे बाई, ‘तान्हा होता तेव्हापासून फुटतोय कान. लसणाचं तेल घालते.’ सरकारी दवाखान्यात दाखवलं, तर कानाच्या पडद्याला भोक होतं. लहान मुलांच्या घशातून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून साधी सर्दीही कानात उतरते, हे मला डॉक्टरांनी त्या दिवशी समजावलं. डी.एड.ला मी मानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी पास झाले होते, पण त्यात कान नव्हता.

त्याला पहिल्या बाकावर अशा बाजूला बसवलं, की उजवा कान माझ्याकडे यावा. औषध सुरू झालं. तो काही वर्गात पहिला आला नाही. पण हाकेला ओ द्यायला लागला. ‘लक्ष नाही’ हे मी त्यानंतर कुठल्याही मुलाच्या पत्रकावर लिहिलेलं नाही.

आपल्या भागात मुलांच्या कानांकडे विशेष लक्ष द्यायला हवं. मामाची मुलगी करणं, मामाशीच भाचीचं लग्न लावणं, ही इथली जुनी रीत आहे. अशा जवळच्या नात्यातल्या लग्नांमधून जन्मतः ऐकू न येणारी मुलं होण्याचा धोका वाढतो. आईबापांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. मूल दीड-दोन वर्षांचं होऊन बोलत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून घरचे थांबतात. आणि आपल्या दोन भाषांच्या घरात आणखी एक समजूत आहे, की मराठी-कानडीच्या गोंधळामुळे बोलत नसेल. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही. आधी कान तपासा.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये ५७ टक्के. म्हणजे आईचं आणि मुलाचं दुखणं एकच आहे. पहिल्या तासाला जांभया देणाऱ्या मुलाला विचारा, सकाळी काय खाल्लंस? दहात सहा-सात जण सांगतील, चहा-टोस्ट. चहामुळे अन्नातलं लोह पुरेसं अंगी लागत नाही. आपण आठवड्याला लोहाची ती गुलाबी गोळी वाटतो आणि रजिस्टर भरतो. गोळी खिडकीबाहेर पडते, कारण ती कशासाठी आहे हे आपल्यालाच कोणी नीट सांगितलेलं नसतं. अक्षरदासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, पंगतीत मुलांशेजारी बसून जेवणाऱ्या शिक्षिकेच्या वर्गात गोळ्या पोटात जातात, हे मी पाहिलेलं आहे.

पण निव्वळ जेवणाने भागत नाही. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८०च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी खुंटलेल्या वाढीची १२९ तान्ही मुलं घेतली. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला तासभर एक आरोग्य सेविका जायची, आणि घरच्याच वस्तूंची खेळणी करून मुलाशी कसं बोलायचं, खेळायचं, हे आईला दाखवायची. वीस वर्षांनी पाहिलं, तर जिला हे कोणी दाखवलं नव्हतं त्या आईच्या मुलापेक्षा या मुलांची कमाई पंचवीस टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या आहाराने तो फरक पडला नव्हता.

आपल्याकडे हे त्याच्याही आधी कोणी जाणलं होतं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डीला, पुढे कोसबाडला. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९७५ साली तो सरकारने देशभर नेला. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातही त्याच टापूत, पालघरला झाली. त्या कार्यक्रमाची पथकं मुलांना तपासायला आपल्या शाळांत वर्षातून एकदा येतात. त्या दिवशी मुलांची रांग लावून आपण स्टाफरूममध्ये जातो. पण वर्षभर मुलाला पाहणारे आपण असतो. डॉक्टरांपाशी उभं राहून ‘हा मुलगा मान तिरकी करून वाचतो’ एवढं एकच वाक्य आपण सांगितलं पाहिजे.

निदान करणं आपलं काम नाही, आणि मुलाच्या घरची गोष्ट चार जणांत बोलणं तर पापच. बाप दारू पितो, आई बाळंतपणापासून गप्प झाली आहे, हे कळलं तर ते जपून ठेवायचं आणि मदतीची वाट दाखवायची. आपल्या धारवाडात १८४५ पासून मनाच्या आजारांचं रुग्णालय आहे, आजचं डिमहान्स. तिथे जाण्यात कमीपणा नाही, हे आईला सांगणारं पहिलं माणूस शिक्षक असू शकतो.

प्रशिक्षण महाविद्यालयांना माझं सांगणं एवढंच आहे. ‘बालपण आणि वाढ’ हा पेपर पुस्तकातून शिकवून संपवू नका. प्रत्येक विद्यार्थी-शिक्षकाला पंधरा दिवस अंगणवाडीत बसवा, आशाताईंबरोबर घरोघर फिरवा, एक तायी कार्ड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला लावा. त्याचे गुण धरा.

आणि तुम्हा सर्वांना विनंती. येत्या जूनला पहिलीत मूल दाखल करायला आई येईल. तिला बसायला खुर्ची द्या. दाखल्यांचं झालं की विचारा, ‘तायी कार्ड आणलंय का? दाखवाल?’