मॅडम हेकट आहेत, पण हुकूम कुणाचा?

(अर्धापूर येथे अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळी गटागटानं चर्चा झाल्या, त्यांचे कागद माझ्यासमोर आहेत. मानधन, फोन, आहाराची थकलेली बिलं, हे सगळं त्यात आहेच. पण बऱ्याच कागदांवर आणखी एक ओळ कुणी ना कुणी लिहिली आहे आणि लिहून खोडली आहे. "आमच्या मॅडम ऐकत नाहीत." खोडली, कारण मॅडमही बाईच आहेत, वयानं मोठ्या आहेत. बायकांच्या मेळाव्यात बाईविरुद्ध बोलायचं कसं? मी त्या खोडलेल्या ओळीवरच बोलणार आहे.

एका तालुक्यातली गोष्ट सांगते. मराठवाड्यातलाच आहे, नाव सांगत नाही. तिथल्या एका बीटच्या पर्यवेक्षिका निवृत्तीला आलेल्या. हाताखालच्या निम्म्या सेविका तिशीच्या आतल्या, बारावी नाहीतर बी.ए. झालेल्या. २०२१ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. मॅडमचा हुकूम निघाला की फोनवर भरा आणि रजिस्टरंही पहिल्यासारखीच ठेवा. लेकराचं वजन काट्यावर एकदा, पण लिहायचं तीनदा. रजिस्टरात, ॲपवर, आणि वर मॅडमना फोटो पाठवायचा. एका तरुण सेविकेनं मासिक बैठकीत विचारलं, "मॅडम, दोन्हीकडं कामून लिहायचं?" मॅडम म्हणाल्या, "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी हे काम करते."

झालं. विषय रजिस्टरचा होता, तो पोरीच्या जन्मापर्यंत गेला. पुढच्या भेटीत मॅडमनी तिला अंगणवाडीच्या दारात, लेकरांच्या आयांदेखत, मदतनीस मावशींदेखत झापलं. "मानधन बंद करीन" म्हणाल्या.

पोरी पेटल्या. ठरलं असं की गावातल्या एका पुढाऱ्याकडं जायचं आणि मॅडमची बदली करून घ्यायची. पुढारी तर एका पायावर तयार! आम्ही म्हटलं, थांबा. आज तो बदली करून देईल आणि उद्या मदतनिसाच्या भरतीत स्वतःची पुतणी बसवायला सांगेल, तेव्हा तुम्ही त्याला नाही म्हणणार का? दोन बायका भांडल्या की मधे जो पुरुष येतो, तो हात हलवत परत जात नाही. हा आपला जुना अनुभव आहे.

मग दोन वयस्क सेविकांना घेऊन मी मॅडमच्या घरी गेले. चहा झाला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग आतून एक फाईल घेऊन आल्या. काही वर्षांपूर्वीची कारणे दाखवा नोटीस होती. तपासणीत साठा रजिस्टर आणि वाटप रजिस्टर जुळलं नव्हतं. चूक एका सेविकेची होती, पण सही मॅडमची. त्या म्हणाल्या, "फोनमधला आकडा उडाला तर साहेब फोनला विचारणार का मला?" मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. सरकारनं दिलेल्या फोनची अवस्था तुम्हाला मी सांगायला नको. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी ते फोन परत केले ते उगाच नाही. ॲप इंग्रजीत, फोन बंद पडणारा, आणि जबाबदारी मात्र बाईची.

म्हणजे रजिस्टरांचा हट्ट मॅडमचा वाटत होता, पण मुळात ती भीती होती. रजिस्टर बंद करा असा लेखी आदेश त्यांना कुणी दिलाच नव्हता. आणि तो मागायची हिंमत त्यांच्यात नव्हती. वरच्याचं ऐकायचं आणि खालच्याला ऐकवायचं, एवढंच नोकरीनं त्यांना शिकवलं होतं.

पण बायांनो, कारण कळलं म्हणजे सगळं माफ झालं असं नाही. तिथं आपण फार चुकतो. "जाऊ द्या, तिचंही दुःख आहे" म्हणतो आणि पोरीला गप्प बसवतो. आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. रजिस्टराचा प्रश्न वरचा होता, तो वर न्यायचा. झापण्याचा प्रश्न मॅडमचा होता, तो त्यांच्याशीच बोलायचा.

पहिल्यासाठी सेविकांनी आठवडाभर कोणत्या लिखाणाला किती वेळ जातो त्याची घड्याळ लावून नोंद केली. मग बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावानं एकच अर्ज केला. कोणती रजिस्टरं ठेवायची आणि कोणती बंद करायची, याचा लेखी आदेश द्यावा, एवढीच मागणी. मॅडमविरुद्ध त्यात एक शब्द नव्हता. अर्ज मॅडमच्या मार्फतच पाठवला. त्यांनी तो आठ दिवस दाबून ठेवला. मग पोरींनी शांतपणे सांगितलं की आम्ही थेट पाठवतो आणि एक प्रत तुम्हाला देतो. दुसऱ्या दिवशी शेरा मारून अर्ज पुढं गेला.

दुसऱ्यासाठी पाच जणी बोलल्या, त्यात दोन मॅडमच्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "चूक असेल तर बाजूला घेऊन सांगा, नाहीतर लेखी द्या. आयांदेखत नको. ज्या ताईला झापताना आयांनी पाहिलं, त्या ताईनं 'लेकराला दवाखान्यात ने' म्हटलं तर त्या कशाला ऐकतील?" मॅडमनी माफी मागितली नाही. आजवर मागितलेली नाही. पण दारातलं झापणं थांबलं. काही महिन्यांनी आदेशही आला. दोन रजिस्टरं राहिली, बाकीची बंद झाली. मॅडम तिसरं एक स्वतःच्या अक्षरात अजून ठेवतात. ठेवू द्या! ॲप मात्र आता त्या स्वतः भरायला शिकल्या, त्याच तरुण सेविकेकडून. त्याआधी भाच्याकडून भरून घेत होत्या, हेही तेव्हाच कळलं.

मोठ्या बाईशी वाद घालायचा म्हणजे नातं तोडायचं, असं आपल्या मनात बसलेलं असतं. यावर मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये, पंचविशीत, लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या मठात राहिल्या, तिथंच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्यावर देखरेख करत. वयानं मोठ्या, मायेच्या, आणि अतिशय हट्टी. पुढं रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या दोन बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवणं बरं नव्हे म्हणे! ज्या बाईनं भर सभांतून पुरुषांपुढं व्याख्यानं दिली होती, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलं होतं, तिला हे ऐकावं लागलं. जेराल्डिनबाईंनी रमाबाईंच्या प्रश्नांना अहंकार म्हटलं. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र त्यांना विचार करायला मोकळीक द्यावी असं म्हटलं. दोघीही वरिष्ठच, पण एकीनं प्रश्नाला उद्धटपणा मानलं आणि दुसरीनं नाही.

रमाबाईंनी काय केलं? पत्रं लिहिली. मुद्देसूद, लांबलचक. धर्म मी स्वीकारला, पण माझी विवेकबुद्धी कुणाच्या हवाली केली नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. आणि जेराल्डिनबाईंना त्या 'आजीबाई' म्हणत! वाद चालू, आणि मायनाही तोच. पत्रव्यवहार पुढं कित्येक वर्षं चालला. ती सगळी पत्रं जपून एकत्र केली ती जेराल्डिनबाईंनीच. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती छापून आली. धाकटीनं काय सुनावलं ते आपल्याला कळतं ते थोरलीनं कागद फाडले नाहीत म्हणून. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

आता कुठं थांबायचं तेही सांगते. सगळंच काही 'मॅडमचा स्वभाव' नसतो. जातीवरून बोलल्या, पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला, तर तो स्वभाव नाही, त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. वरच्या कुणा पुरुषानं अंगचटीला यायचा प्रयत्न केला आणि मॅडमनी "गप्प बस" सांगितलं, तर २०१३ च्या कायद्याखाली तक्रार करायची. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती हवी, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आणि पैसे मागितले तर तिथं चहा प्यायला जायचं नाही.

"काढून टाकीन" या धमकीबद्दलही बोलू. पर्यवेक्षिकेच्या तोंडी शब्दानं सेविका घरी बसत नाही. लेखी कारण आणि तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ४ डिसेंबर २०२३ पासून आपण बावन्न दिवस संप केला, तेव्हाही नोटिसा निघाल्या होत्याच. त्या नोटिसा गावोगाव वाटायला कुणाला पाठवलं? मॅडमनाच. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सेविकेचं पद हे सरकारी पद नाही. त्याच न्यायालयानं २०२२ च्या एप्रिलमध्ये सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. निम्मी मानसेवी, निम्मी नोकरदार, अशी आपली अवस्था आहे. अशा ठिकाणी मॅडम हीच सरकारचा चेहरा वाटते, कारण दुसरा चेहरा बीटमध्ये कधी दिसतच नाही.

आणि हसू नका, आपल्या संघटनांतही अशा ताई आहेत. वीस वर्षं मोर्चे काढलेल्या, पत्रक दुसऱ्या कुणी लिहिलेलं न चालणाऱ्या. तरुण कार्यकर्त्या चार महिने येतात आणि न सांगता निघून जातात. त्या का गेल्या, हे आपण कधी विचारलं? मी ज्या गटात काम करते तिथं आता सहा महिन्यांनी पत्रकाचं आणि पैशाच्या हिशोबाचं काम हातबदल होतं. पहिल्यांदा फार कुरकुर झाली. पत्रकात शुद्धलेखनाच्या चुका वाढल्या हेही खरं.

जेवायला उशीर होतोय, अर्धापूरची केळी वाट बघतायत. मागच्या टेबलावर लेखी आदेश मागणाऱ्या अर्जाचा नमुना ठेवलाय. प्रत्येक बीटनं एकच अर्ज करा, सगळ्यांच्या सह्या घ्या, वयस्क सेविकांच्या सह्या पहिल्या. मॅडमच्या मार्फत द्या. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.